कॉम्प्युटर आणि मालूचे छत्तीस गुण

गुरुवार, २० ऑक्टोबर १९८८, दसरा

आला एकदाचा कॉम्प्युटर! आता बघतेच ठाण्याच्या रंगूबाईंकडे.

रंगूबाईंचं वधूवर मंडळ टेंभी नाक्याला. गेल्या वर्षी त्यांनी मोठा कॉम्प्युटर घेतला. त्याला वेगळी केबिन, केबिनला एसी, आणि आत जायचं तर चपला बाहेर. देवळातसुद्धा इतकं सोवळं नसतं. झालं, आमच्या डोंबिवलीची माणसं पत्रिका जुळवायला ठाण्याला पळायला लागली. मी इतकी वर्षं आमच्या बाहेरच्या खोलीत मंडळ चालवते, पंचांग मांडीवर घेऊन हाताने गुण काढते, दोनशेच्या वर लग्नं जमवलीत. पण कॉम्प्युटर बोलला की ब्रह्मवाक्य, आणि सुमतीबाई बोलल्या की "बघू, कळवतो".

म्हणून हा घेतला. कल्याण स्टेशनाजवळ जगनचं टीव्ही-कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्याने आणून दिला. स्थळ म्हणून मांडायचं तर बांधा ठेंगणा, वर्ण काळा, पोळपाटाएवढासुद्धा नाही. आहार अगदी बेताचा. जगन म्हणतो, एका बल्बापेक्षा कमी वीज खातो. पंखा नाही, घरघर नाही, एसीचे लाड नाहीत. उणं काढायचं तर स्वतःचा पडदा नाही, आमच्या टीव्हीला जोडावा लागतो. थोडक्यात घरजावई.

सासूबाईंनी (हौसाबाई म्हणतात त्यांना सगळे, आणि हौस आहेच) त्याची साग्रसंगीत पूजा केली. हळदकुंकू, झेंडू, आपट्याचं पान, वर मूठभर अक्षता. "अगं, शस्त्रच ना हे तुझं? आज पूजा, उद्यापासून लढाई."

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

लढाईच्या पहिल्याच दिवशी शस्त्र बसलं. चालू केलं तर टीव्हीभर नुसते सात. सात सात सात, थांबायला तयार नाही. यांना वाटलं शुभ आकडा आहे. (हे म्हणजे आमचे उत्तमराव. यांना बिघाडातही शुभ दिसतं.)

जगनला फोन केला तर तासाभरात हजर. रबराच्या कळीखाली सासूबाईंच्या अक्षतेचा दाणा अडकलेला! चिमट्याने काढला. "वहिनी, ह्याला पूजा चालते, पण लांबून नमस्कार करा."

नणंदबाई म्हणजे मालू ठाण्याला ऑफिसात टायपिस्ट आहे, म्हणून कॉम्प्युटर तीच चालवणार असं ठरलं. जगनने तिला सगळं नीट समजावून सांगितलं. तीन तास सांगत होता. मुलगा फार कर्तव्यदक्ष आहे.

बुधवार, २६ ऑक्टोबर

कॉम्प्युटर विसराळू आहे. बंद केला की सगळं विसरतो, अगदी स्वतःचं नावसुद्धा. मग टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून त्याला पुन्हा सगळं शिकवायचं. कॅसेट वाजते तेव्हा पाच मिनिटं असा किंचाळतो की खालच्या मजल्यावरून विचारायला आले, तुमच्याकडे कोणाला दमा झालाय का.

आज सासूबाईंनी सरळच काढलं. "सुमती, गावाची लग्नं जमवतेस आणि घरात एकोणतीस वर्षांची नणंद. दिव्याखाली अंधार. लोक मला देवळात विचारतात. संक्रांतीपर्यंत मालूचं जमलं तर ठीक. नाहीतर मंडळ बंद कर, बाहेरची खोली मी देवघराला घेते."

मी म्हटलं, "आई, असं काय हो!"

"असंच. आणि अठरा गुणांच्या खालचं स्थळ माझ्यापुढे आणायचं नाही. माझे नि तुझ्या मामंजींचे बत्तीस होते. जन्मात आवाज चढला नाही आमचा."

खोली गेली तर मी मेलेच. बाहेरच्या खोलीत बसते तेव्हा मी सुमतीबाई असते. आतल्या खोलीत आले की कुकर. आणि खोलीचं सोडा, मालू मला सख्ख्या बहिणीसारखी आहे. तिला बोलतात ते मला टोचतं.

रविवार, ६ नोव्हेंबर

रविवारी सकाळी कॉम्प्युटर लावायची सोय नाही. टीव्हीवर मालिका असते आणि अख्खा मजला आमच्याकडे. आज मी जरा वायर बदलायला गेले तर समोरच्या जोशी आजींनी "पाप लागेल" म्हणून हात धरला.

पण दुपारी मात्र आम्ही गाजवलं! दोन नावं, दोन नक्षत्रं घातली की टीव्हीवर आकडा हजर. शेजारीपाजारी बघायला दाटीवाटीने उभे. ज्यांची लग्नं होऊन नातवंडं झालीत त्यांनीसुद्धा आपापले गुण काढून घेतले. जोशी आजी-आजोबांचे सात आले. आजोबा म्हणाले, "मला शंका होतीच."

जगनही होता. कळ जरा सैल वाटते म्हणून शहाडच्या घरून आपण होऊन आलेला. शहाड काही जवळ नाही. विक्रीनंतरची सेवा म्हणतात ती ही.

रविवार, १३ नोव्हेंबर

सत्यानाश.

विमलाबाईंच्या मुलासाठी, दगडूसाठी, मी एक मुलगी सुचवलेली. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, आणि विमलाबाईंनी रीतीप्रमाणे कळवलं, पत्रिका जुळत नाही. आता ह्याचा अर्थ सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मुलगी पसंत नाही. पण असं तोंडावर कोण म्हणतं? ग्रहांवर ढकलायचं, दोन्ही घरांची अब्रू झाकलेली राहते, उद्या बाजारात भेटलं तर हसून बोलता येतं. आमचा सगळा धंदा ह्या एका वाक्यावर उभा आहे.

तर आज मुलीचे वडील आले. "जुळत नाही म्हणतात, तुमच्या मशीनवर दाखवा बघू." मीही मूर्ख, दाखवलं. तीस गुण! एवढे मोठे, टीव्हीवर, शेजाऱ्यांसमोर. गृहस्थ तडक विमलाबाईंच्या घरी गेले. तासाभराने विमलाबाई छत्री घेऊन माझ्या दारात. पाऊस नव्हता.

"तुमचा डबा सांगणार का आम्हाला कोण जुळतं नि कोण नाही?" अख्ख्या जिन्याला ऐकू गेलं. दगडूचं नाव काढून घेतलं ते घेतलंच, वर आठ घरांना सांगून आल्या.

उद्यापासून कोणी फिरकणार नाही. ह्या कॉम्प्युटरचा सगळ्यात मोठा दोष दुकानात कोणी सांगत नाही. त्याला जनरीत कळत नाही.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

चार दिवसांत एकही स्थळ नाही. शेवटी जगनला बोलावलं आणि म्हटलं, "ह्याला जरा रीतभात शिकव. कधीकधी जुळत नाही असंही म्हणता आलं पाहिजे."

जगन म्हणाला, "वहिनी, मशीन आहे हो. ते खोटं कसं बोलेल?"

मालू म्हणाली, "शिकव ना. माणसं शिकतात तर हा नाही शिकणार?"

बघता बघता त्याने केलंसुद्धा. आता डाव्या कोपऱ्यातली खालची कळ दाबून ठेवली आणि मग गुण काढले की आकडा अठराच्या आतच येतो. नुसते काढले तर खरा. इतकी साधी गोष्ट. बोट कळीवर आहे की नाही हे समोरच्याला कळतही नाही, त्याचं लक्ष टीव्हीकडे.

रंगूबाईंच्या एवढ्या धिप्पाड कॉम्प्युटरला हे येतं का? आकार लहान म्हणून अक्कल लहान असं नसतं.

जगनला चहा दिला. मालूने गडबडीत साखरेऐवजी मीठ घातलं. तो अख्खा कप पिऊन "छान झालाय" म्हणाला. बिचाऱ्याला जिभेची चव नसावी. मी त्याला मंडळात नाव घालायचं का विचारलं, चांगला कमावता आहे, आपल्यातलाच आहे. तर लाजून म्हणाला, "माझं जवळजवळ जमलंय, वहिनी. घरच्यांना विचारायची हिंमत होत नाही." शहाडचीच कोणी असेल. सुखी राहो.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न लागलं, आता माणसांची. विमलाबाई परत आल्या! कोपऱ्यातल्या कळीची महती मी त्यांच्या कानात सांगितली. "असं होय," म्हणाल्या आणि दगडूचं नाव पुन्हा घातलं. छत्री विसरून गेल्या, इतक्या खूश.

मालूसाठी पहिलं स्थळ आलं. ठाण्याचा आनंद, बँकेत आहे, दिसायला बरा, आई मवाळ. मी मनातून नारळ फोडला. मालू म्हणाली, "थांब वहिनी, मीच काढते." अकरा गुण. अरेरे!

बुधवार, ३० नोव्हेंबर

थंडी पडली. कॉम्प्युटरचा नवा गुण सापडला. त्याचा जो वायरीतला ठोकळा असतो ना, भिंतीतली वीज बारीक करून देणारा, तो चालू असताना छान कोमट होतो. जगन म्हणतो हा दोष आहे. सासूबाईंनी त्यावर दह्याचं भांडं ठेवलं. सकाळपर्यंत कवडी दही! म्हणून आता रात्रभर कॉम्प्युटर चालू असतो. रंगूबाईंच्या एसीत लागेल का असं दही?

बाकी रडगाणं. मालूचं दुसरं स्थळ नऊ गुण. तिसरं तेरा. चौथा तर इंजिनीअर, मी मुद्दाम आधी नक्षत्रं डोळ्यांखालून घातली होती, मला बरी वाटली होती. आले आठ. माझा हिशोब चुकला असेल. कॉम्प्युटरपुढे आपलं काय!

मालू बसते मात्र सुरेख. पाठ ताठ, उजव्या हाताने टाइप करणार, डाव्या हाताचं बोट कोपऱ्यात टेकवलेलं. टायपिस्टांना अशीच बसायची शिस्त असते वाटतं.

आज टीव्हीवर चित्र हलत होतं, जगन आला. मालूने नवी साडी नेसून गजरा माळलेला. म्हटलं, "कुठे बाहेर जायचंय का?" तर म्हणाली, "नाही गं, सहज." तो आल्यावर चित्र हलायचं आपोआप थांबलं. तरी दोन तास तपासत बसला.

बुधवार, ७ डिसेंबर

सहावं स्थळ. कल्याणचा भिवाजी, सरकारी नोकरी, तीन खोल्या, हसरा चेहरा. दहा गुण.

सासूबाईंनी आकडा बघितला आणि जपाची माळ घेऊन बसल्या. त्या बोलत असतात तेच बरं असतं. जेवायला वाढलं तर म्हणाल्या, आजपासून एकभुक्त. "पोरीच्या पत्रिकेतच काहीतरी आहे. सहाच्या सहा कसे पडतील? मीच तिचं नाव ठेवताना वेळ चुकीची सांगितली असेन. घटका कोण बघत होतं तेव्हा, कळा येत होत्या."

आणि रडल्या. एवढी ताठ बाई, पदराने डोळे पुसत ताटासमोर बसलेली. माझ्याच्याने बघवेना. मालू उठून मोरीत गेली ती किती वेळ नळ सोडून उभी होती. नळाला पाणी नव्हतं.

संक्रांत आता दारात आली. खोली जाऊ दे मेली, पण ह्या दोघींचे चेहरे!

बुधवार, १४ डिसेंबर

दुपारी जोशी आजी आल्या. "तुमच्या मालूचं काय गं झालं त्या भिवाजीचं?" म्हटलं, दाखवतेच तुम्हाला, नाहीतर म्हणाल आम्हीच नको म्हटलं. मालू ऑफिसात होती. मी स्वतः कॅसेट लावली, स्वतः नावं घातली.

सत्तावीस.

म्हटलं, चुकलं. पुन्हा घातलं. सत्तावीस. आनंद घातला, तेवीस. इंजिनीअर, एकोणतीस! आजी म्हणाल्या, "हे तर चांगले आहेत की." मी त्यांना पोह्याचा चिवडा देऊन वाटेला लावलं आणि जगनला फोन केला. म्हटलं, तुझा कॉम्प्युटर बिघडलाय, मालूचे सगळे गुण बरोबर यायला लागलेत.

पलीकडे रिसीव्हर धाडकन पडला नि नुसती खरखर सुरू झाली. मला वाटलं फोनपण बिघडला.

संध्याकाळी आला. मालूही तेव्हाच ऑफिसातून आली. मी टीव्हीकडे बोट दाखवून म्हटलं, "हे बघा सत्तावीस." तर दोघंही टीव्हीकडे बघेनात. तो तिच्याकडे, ती जमिनीकडे. मी मालूला म्हटलं, "बस बरं, तू काढून दाखव." ती बसली. पाठ ताठ, उजवा हात टायपिंगला, आणि डावं बोट...

अगं बाई.

अगं बाई बाई बाई! काखेत कळसा नि गावाला वळसा! दोनशे लग्नं जमवली मी. मुलगा पोहे कसा खातो ह्यावरून होकार ओळखते. आणि हा प्राणी माझ्या घरात मिठाचा चहा पितोय, चांगलं चाललेलं चित्र तासन् तास तपासतोय, आणि मी त्याला कर्तव्यदक्ष म्हणून मोकळी! मला इतका राग आला की हसूच फुटलं. मग मालू रडायला लागली म्हणून मीपण रडले. जगन उभाच, हातात स्क्रू-ड्रायव्हर.

"मला सांगायला काय झालं होतं गं?"

"सांगितलं असतं तर तू लगेच गुण काढले असतेस, वहिनी. आणि अठराच्या आत आले असते तर? आईने कायमचा नकार दिला असता. मग त्यापेक्षा न काढलेलेच बरे."

"म्हणून तुम्ही दोघांनी कधी काढलेच नाहीत?"

"हिंमतच नाही झाली," जगन म्हणाला.

मशीनला खुशाल खोटं बोलायला लावतात, आणि खरं विचारायला घाबरतात. मी जगनची जन्मतारीख, वेळ, गाव सगळं लिहून घेतलं. म्हटलं आता घरी जा, आणि जायच्या आधी साखर घातलेला चहा पिऊन जा.

शुक्रवार, १६ डिसेंबर

सकाळी हे कामावर गेले, मालू गेली, आणि लाइटही गेले. कॉम्प्युटर कितीही कमी खाणारा असला तरी उपाशी कसा राबणार? आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं. हा प्रश्न मला त्याला विचारायचा नव्हता.

पंचांग काढलं. खिडकीशी बसले. जगनचं नक्षत्र, मालूचं नक्षत्र, एकेक करून मांडत गेले.

चौदा.

पुन्हा मांडले. चौदा. उलटे मांडले, सुलटे मांडले, चष्मा पुसला. चौदाच. ह्या वेळी कुठल्या कळीवर कोणाचं बोट नव्हतं.

पंचांग मिटलं. मला पत्रिका खोट्या वाटत नाहीत, उगाच कशाला बोलू, त्यांच्यावरच पोट आहे. पण चौतीस गुणांच्या जोडप्याने एकमेकांवर पातेली फेकलेली मी ह्याच जिन्यात बघितलीत. आणि मीठ घातलेला चहा हसत पिणारा नवरा कुठल्या पंचांगात असतो? मालूचा तो मोरीतला चेहरा आठवला. दहा घरांच्या खोट्याला मी ह्या खोलीत बसून हात दिला, दुसऱ्यांची अब्रू राहावी म्हणून. मग आपल्या पोरीसाठी एकदा नाही?

आत गेले. सासूबाई देवासमोर वाती वळत बसलेल्या.

"आई, मालूसाठी स्थळ आहे. शहाडचा जगन."

"आपला कॉम्प्युटरवाला?"

"हो. मुलगा चांगला आहे. मालूलाही पसंत आहे."

"ते मला दिसतंय कधीचं. गजरे मीच आणून देत होते." वात वळणं थांबलं नाही. "पण गुण किती?"

मी देवाकडे बघायचं टाळलं. "एकतीस. आत्ताच कॉम्प्युटरवर काढले."

सासूबाईंनी हातातली वात पूर्ण केली, निरांजनात ठेवली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग देवावरच्या छोट्या बल्बाकडे. तो विझलेला होता. मग पुन्हा माझ्याकडे.

"एकतीस," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा एकच कमी. बरे आहेत."

मी पुढे काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला.

"उभी काय राहिलीस? जा, त्याच्या आईला निरोप धाड. लाइट यायच्या आत."